कदली नदीप्रमाणे चालते

१ मार्च १९९४, मंगळवार

एकावन्नाव्या वर्षी हुद्दा बदलला. नव्या हुद्द्याला अजून मराठी नाव नाही. ते शोधण्याचे कामही माझ्याकडेच आले आहे.

आमच्या तापीकाठ केळी वाहतूक संघात गेल्या महिन्यात संगणक बसला. शेतकरी केळी कापणीला आली म्हणून नोंद करतो, त्याला नंबर मिळतो आणि त्या नंबराने त्याचा माल रेल्वेच्या वॅगनमध्ये चढून दिल्लीला जातो. हे क्रमपत्रक आजवर लाल कापडी वहीत होते, वही रुपचंद नानांच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली नानांच्या करगोट्याला होती. नाना आमचे लोडिंग अधिकारी. आता वही यंत्रात गेली. तेव्हा ती कोणी नुसती पाहायची, कोणी तीत लिहायचे आणि लिहिलेले कोणी बदलायचे, हे ठरवून देणारा एक माणूस हवा होता.

चेअरमन मोतीलाल आप्पांनी मला बोलावले. "शास्त्री, तुमच्याकडे ना केळीचं एक खोड, ना संचालकांत मेहुणा. तुमच्यावर कोणी संशय घ्यायचा नाही. शिवाय तुमची पत्रं मी तीस वर्षं वाचतोय. त्यांत कोणीच काही करत नाही. सगळं करण्यात येतं. असा माणूस सापडत नाही."

खरे तर मी अभिमन चौधरी, संघाचा पत्रव्यवहार अधिकारी. पण लहानपणी वडिलांनी धुळ्याच्या संस्कृत पाठशाळेत घातले, त्याची शिक्षा म्हणून सगळे शास्त्री म्हणतात. आप्पांच्या बोलण्यात स्तुती किती होती याचा हिशेब घरी येईपर्यंत लागला नाही.

हे लिहीत बसलो असता आतून सुनंदा म्हणाली, "मेहुणा नाही कसा? माझा भाऊ काय हवेत विरला?" मी तिला अजून काही सांगितलेही नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकांना मनातले ऐकू येत असावे.

४ मार्च, शुक्रवार

पुण्याहून इंजिनिअर आला आहे. हुशार आहे, फक्त वाक्य कधी पूर्ण करत नाही. त्याने मला दोन आज्ञा शिकवल्या. ग्रँट म्हणजे अमक्याला अधिकार देणे. रिव्होक म्हणजे अमक्याकडून तो काढून घेणे.

मी म्हटले, "म्हणजे एक चतुर्थी आणि एक पंचमी. संप्रदान आणि अपादान."

"सर, तसं काही नसतं यात."

"असतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही इतकंच."

तिसरी गोष्ट मात्र ऐकून अस्वस्थ झालो. यंत्र एक लॉग ठेवते. क्रमपत्रकात काही बदलले की त्यात आपोआप ओळ पडते: काय बदलले, किती वाजता, कोणी. शेवटचा रकाना रिकामा सोडता येत नाही. मी विचारले, "तिथे 'बदल करण्यात आला' एवढं चालणार नाही का?" तो म्हणाला, नाही सर, कोणीतरी करावाच लागतो. माझ्या तीस वर्षांच्या पत्रव्यवहारात हा रकाना एकदाही भरलेला नाही.

दुपारी युजरची नावे ठरवली. रुपचंद नानांनी पडद्यावर RUPCHAND वाचले आणि चष्मा काढला. "हे काय, उघडं नाव? माझ्या बापाने कधी मला असं हाकारलं नाही. शास्त्री, हे यंत्र मला अरेतुरे करतंय." मग त्यांचे NANA केले. धुळे शाखेचे भाईदास टेलिफोनच्या तारेवरून जोडलेले असतात, त्यांचे BHAU. आप्पांचे APPA, त्यांना फक्त पाहण्याचा अधिकार. ते म्हणाले, चेअरमनला तेवढाच असतो. मंदाबाई खिडकीवर शेतकऱ्यांच्या नोंदी घेतात आणि नंबराची चिठ्ठी हाताने लिहून देतात. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "नुसतं मंदा चालेल. घरी तेच म्हणतात." त्यांना पाहण्याचा आणि नवी नोंद घालण्याचा अधिकार. घातलेली नोंद बदलण्याचा अधिकार नानांना, कारण कधी वॅगन येत नाही, कधी कोणाच्या बागेत करपा निघतो, कोणीतरी मागेपुढे करावे लागते. आणि मी SHASTRI. मला सगळेच अधिकार, शिवाय अधिकार देण्याचा अधिकार. असा माणूस पुराणांत शेवटी तपश्चर्येला जातो.

टाइप करताना मी फार हळू आहे असे इंजिनिअरचे मत पडले. पाठशाळेत अक्षर ओठांतून गेल्याशिवाय हातातून उतरू द्यायचे नाही असा दंडक होता, चुकले की छडी. ती सवय आता कुठे जाणार.

७ मार्च, सोमवार

पासवर्ड ठेवला. दर सोमवारी बदलायचा, कुठेही लिहून ठेवायचा नाही, बायकोलाही सांगायचा नाही, अशी इंजिनिअरची ताकीद आहे. म्हणून इथेही लिहीत नाही. एवढेच लिहितो की आमच्याच मालाचे संस्कृत नाव आहे, ईकारान्त स्त्रीलिंगी, नदीप्रमाणे चालते. या आठवड्यात प्रथमा, पुढच्यात द्वितीया. विसरण्याची भीती नाही आणि जळगाव जिल्ह्यात ते ओळखणारा कोणी नाही.

सुनंदा म्हणाली, "केळीला संस्कृतात इतकं काय ते नाव, तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." मी कधी उच्चारले ते आठवत नाही.

१५ मार्च, मंगळवार

मंदाबाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. वरणगावहून रोज एसटीने येतात, यजमान तिथल्या कारखान्यात आहेत. बोलणे कमी. आज अचानक म्हणाल्या, "शास्त्रीभाऊ, नदी कशी चालते?"

मी म्हटले, "सध्या कोरडी आहे."

"तशी नव्हे. विभक्ती. बहिणीची मुलगी नववीत आहे, तिची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात."

तीस वर्षांत या कार्यालयात मला कोणी विभक्ती विचारली नव्हती. कोऱ्या कागदावर एकवचनाचे संपूर्ण कोष्टक काढून दिले: नदी, नदीम्, नद्या, नद्यै, पुढे सगळे. पंचमी आणि षष्ठी एकच असतात हे अधोरेखित केले. बाईंनी कागदाची घडी घालून चिठ्ठ्यांच्या डब्यात ठेवली. इतकी जिज्ञासू बाई क्लार्क म्हणून राहिली, ही शिक्षणपद्धतीची चूक.

१७ मार्च, गुरुवार

नाना तापले आहेत. काल त्यांनी तीन शेतकऱ्यांचे नंबर वर घेतले, आज दुपारनंतर पाहतात तर तिघेही जागच्या जागी. "शास्त्री, तुमच्या यंत्रात माझी दुरुस्ती टिकत नाही. वहीत टिकायची." मी म्हटले, चौकशी करण्यात येईल.

२२ मार्च, मंगळवार

पुण्याला फोन केला. इंजिनिअर म्हणाला, लॉग बघा सर, कोणी हा रकाना.

पाहिला. नानांनी हलवलेले नंबर कोणीतरी पुन्हा मूळ जागी आणून ठेवते आहे. चार दिवस, दुपारी एक ते दीडच्या दरम्यान. कोणी हा रकाना: SHASTRI.

दुपारी एक ते अडीच मी घरी असतो. आज मी एक वाजून वीस मिनिटांनी कळण्याची भाकरी खात होतो. त्याला सुनंदा साक्षी आहे, ठेचा साक्षी आहे. आणि त्याच मिनिटाला मी कचेरीत बसून सात जणांचे नंबर बदलले, असे यंत्र लिहून बसले आहे.

कोणाला बोललो नाही. खुर्चीत बसवत नाही. चारदा उठून माठापर्यंत गेलो.

२३ मार्च, बुधवार

पासवर्ड तर सोमवारीच बदलला. तृतीया. तरी आज पुन्हा.

२६ मार्च, शनिवार

धुळ्याचा भाईदास. दुसरा कोण असणार. तो तारेवरून आत येतो, त्याचे तोंड कोणाला दिसत नाही. शिवाय मागे एकदा त्याने आपल्यालाही बदलण्याचा अधिकार हवा म्हणून मागणी केली होती आणि मी 'विचार करण्यात येईल' असे लिहिले होते.

मंदाबाईंनी विचारले, "भाऊ, बरं नाही का? चेहरा उतरलाय." चांगली बाई. म्हटले, उन्हाचा त्रास. त्यांनी जाताना माझ्या टेबलावर चार लिंबे ठेवली.

३० मार्च, बुधवार

धुळ्याला जाऊन आलो. सकाळच्या एसटीने, पारोळ्याला चहा. भाईदासला अचानक गाठायचे म्हणून कळवले नव्हते. तो शाखेच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होता.

"शास्त्रीभाऊ, या, बसा. आठे काय काम काढं?"

"यंत्र कसं चाललंय पाहायला आलो."

भाईदास हसला आणि मला आत नेले. यंत्रावर फडके घातलेले, फडक्यावर धूळ. "बारा दिन व्हयनात, फोन मरेल शे. लावा तं बठ्ठा टाइम निस्ता कर्रर्र वाजस. तुमनं जळगाव आठे दिखत नही आन मी तुमले."

बारा दिवस. म्हणजे अठरा तारखेपासून. माझा गुन्हेगार फडक्याखाली होता. भाईदासने जेवू घातल्याशिवाय सोडले नाही. वर विचारले, "कोणावर संशय शे का?" मी म्हटले, तसे काही निदर्शनास आलेले नाही.

परतीच्या एसटीत विचार केला: आता दोघेच उरतात, नाना आणि मी. नाना स्वतःच्याच दुरुस्त्या कशाला मोडतील. सुनंदाला विचारले, मी कधी झोपेत चालतो का. ती म्हणाली, "चालत नाही. बोलता."

५ एप्रिल, मंगळवार

नानांनी आप्पांना सांगितले. आप्पांनी दार लोटून घेतले.

"शास्त्री, लॉगमध्ये नाव तुमचं आहे."

"माझं नाव आहे, मी नाही."

"हे मी संचालकांना कसं समजावू? अठ्ठावीस तारखेला सभा आहे. तोवर खरा माणूस शोधून लेखी अहवाल द्या. नाहीतर तुमचंच नाव धरावं लागेल. निवृत्तीला सात वर्षं राहिलीत ना?"

सात वर्षे, दोन महिने. त्यांना अधिक-उणे ठाऊक आहे.

१२ एप्रिल, मंगळवार

काल पाडव्याची सुटी होती म्हणून पासवर्ड आज बदलायला घेतला. षष्ठी आणि पंचमी सारखी, यंत्र जुनाच शब्द घेईना. पाणिनीच्या मुलखात ही अडचण येणारच होती. पुढे सरकून सप्तमी घेतली.

गंमत म्हणजे दुपारी मंदाबाईंनीही तेच विचारले. "दोन्ही सारख्या आल्या तर मुलीने काय करायचं, भाऊ?" म्हटले, पुढे सरकायचं. परीक्षा सोळा तारखेला संपते म्हणाल्या. मुलगी चांगले गुण घेईल.

१६ एप्रिल, शनिवार

इंजिनिअरने फोनवर पासवर्ड कसा ठरवता ते विचारले. सांगितले नाही, पण पद्धत सांगितली. त्याने ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाला, "सर, ज्याला पुढचा अंदाज करता येतो तो पासवर्ड नसतो." पुण्याच्या माणसाकडून सूत्र ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

१८ एप्रिल, सोमवार

एकवचन सोडले. सप्तमीच, पण बहुवचन. इतके दिवस एका केळीत राहत होतो, आता अनेक केळींत.

माझ्या टेबलाजवळ कोणी नव्हते. मंदाबाई आज रजेवर.

२१ एप्रिल, गुरुवार

चार दिवस शांतता. नानांची दुरुस्ती टिकते आहे. नानांनी मला पान दिले. लॉगमध्ये SHASTRI कुठे नाही. अहवालात लिहिण्यासारखे वाक्यही सुचले आहे: 'योग्य ती दक्षता घेण्यात आल्याने सदर प्रकार थांबलेला आहे.' कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. सुनंदा गच्चीवर बिबड्या वाळत घालते आहे, मी कावळे हाकलले. बरे वाटले.

२३ एप्रिल, शनिवार

आज सकाळी रावेरकडची ताईबाई आली. पन्नाशीची, एकटीची बाग. खिडकीवर गेली नाही, थेट माझ्या टेबलापाशी आली आणि केळीचा घड कागदांवर ठेवला. पिवळाधमक. झाडावरच पिकलेला.

"शास्त्रीबुवा, हा कागद तुमच्याच हापिसचा हाये ना?"

चिठ्ठी. मंदाबाईंचे अक्षर. नंबर चौदा, कापणी वीस एप्रिल.

"वीसले कोनी आलं नाही. एकवीसले नाही. चौदाच्या मांगचे गेले, मांगच्या मांगचे गेले, माह्या केयीले कोनी ईचारलं नाही. अशा दोनशे घडांची बाग पिवई झाली. आता हे दिल्लीले जातं का? घ्या, तुम्हीच खा."

मी म्हटले, चौकशी करण्यात येईल. ती "कोन करन?" एवढेच विचारून गेली.

लॉग काढला. ताईबाईचा चौदावा नंबर नानांनी १४ तारखेला मागे सारला, वर दुसऱ्याला घेतले. १५ला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी SHASTRI ने तो परत चौदावर आणला. १९ला नानांनी पुन्हा मागे सारला. त्यापुढे ओळ नाही. १९ला SHASTRI ला आत येता आले नाही, कारण १८ला मी बहुवचन केले.

मग मागची सगळी पाने काढली. नानांचे एक्केचाळीस बदल. वर गेलेल्यांत कोणाचे सासरे, कोणाचे व्याही, एक तर आप्पांचेच व्याही. आणि १८ तारखेआधीच्या प्रत्येक बदलाखाली, पाडव्याची सुटी सोडून महिनाभर, माझ्या नावाने कोणीतरी रोज दुपारी येऊन बिघडलेले नीट करून गेले. चोर म्हणून ज्याला शोधत होतो त्याने एकदाही स्वतःसाठी काही हलवलेले नाही. नीट केलेले बिघडवून ठेवणारा पासवर्ड मात्र मी शोधून काढला आणि पान खाल्ले.

घड घरी आणला नाही. टेबलावरच आहे. वास सुटला आहे.

२५ एप्रिल, सोमवार

कळले.

दुपारी एकला मी सायकल काढत होतो तेव्हा मंदाबाई दारापर्यंत आल्या. नजर घडावर. "शास्त्रीभाऊ, एक विचारू? नदी बहुवचनात कशी चालते?"

मी म्हटले, "परीक्षा तर सोळा तारखेला संपली."

मी सायकल परत लावली.

"मंदाबाई, दुपारी डबा कुठे खाता?"

"तुमच्या टेबलावर," त्या म्हणाल्या. "खिडकीवर ऊन येतं."

दोघेही आत जाऊन बसलो. मी पंखा लावला, वीज नव्हती.

"पहिल्यांदा कसं कळलं?"

"तुम्ही टाइप करताना बोलता, भाऊ. पहिल्या दिवसापासून. कदली म्हणालात. पुढच्या सोमवारी कदलीम् म्हणालात. तिसऱ्या वेळेला खिडकीवर गर्दी असली तर ऐकू यायचं नाही म्हणून आधीच कोष्टक मागून घेतलं."

"बहिणीची मुलगी?"

"आहे. पण तिने हिंदी घेतलंय."

मी हसलो असतो, पण घड समोर होता. विचारले, का केलंत. त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे ओढला. "नाना नंबर पडद्यावर हलवतात. चिठ्ठी माझ्या अक्षरात असते. बाई ती पदराला बांधून नेते, वीस तारखेला मजूर सांगून ठेवते. चौदा मी लिहिलेला असतो, भाऊ. लोक पडद्याला विचारायला येत नाहीत, मला विचारतात." डबा बंद करून म्हणाल्या, "तुमचं नाव पडतं ते मला तुमच्या पडद्यावर दिसलं तेव्हा कळलं. लॉग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. लिंबं त्याचीच ठेवली होती. थांबायला हवं होतं. पण रोज एक चिठ्ठी निघायची."

मग म्हणाल्या, "अठ्ठावीसला माझं नाव सांगा. यजमानांना मी सांगते."

मी नद्यः, नदीः, नदीभिः अशी सगळी रूपे त्यांना म्हणून दाखवली. विचारले होते म्हणून. जेवायला गेलो नाही. हे लिहीत असता आतून सुनंदा म्हणाली, "डबा द्यायला हवा होता मी. दोघांचा."

२७ एप्रिल, बुधवार

अहवालाचे नऊ मसुदे झाले. 'क्रम पूर्ववत करण्यात आला.' 'क्रम पूर्ववत झाल्याचे आढळून आले.' 'क्रमाबाबत आवश्यक ती कार्यवाही पार पडली.' सगळी शुद्ध मराठी, एकाही वाक्यात माणूस नाही. हीच वाक्ये लिहून मी पगार घेतला. यांतले कोणतेही चालेल, आप्पा खूश होतील. फक्त लॉगमध्ये नाव आहे, आणि सभा विचारेल कोणी. तेव्हा या वाक्यांतून हळूहळू मंदाबाई बाहेर पडतील.

सकाळी दोनदा, दुपारी तीनदा माठावर गेलो. पाणी प्यायलो नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

सभा तीनला. संचालक सात, मध्ये आप्पा, कडेला नाना. घडाची केळी मी फणी-फणी करून सगळ्यांपुढे ठेवली होती. कोणी हात लावला नाही.

उभा राहून अहवाल वाचला. एकच ओळ होती. "क्रमपत्रकातील नंबर मूळ नोंदीप्रमाणे मी पूर्ववत केले."

तीस वर्षांनी कर्तरी प्रयोग केला. आवाज थोडा चिरका आला.

नाना म्हणाले, "म्हणजे कबूल आहे."

"आहे. सोबत लॉगची प्रत जोडली आहे. मी काय पूर्ववत केलं ते समजायला आधी काय झालं होतं ते वाचावं लागेल."

आप्पांनी कागद घेतले. कोणी, किती वाजता, कोणाला वर, कोणाला खाली. तिसऱ्या पानावर त्यांचे बोट थांबले. त्यांचे व्याही तिसऱ्या पानावर आहेत. त्यांनी कागद पालथे ठेवले.

नाना सावकाश बोलले, आणि ते खोटे बोलले असे मला वाटले नाही. "दिवसाला दहा फोन येतात. या खोलीतल्याच लोकांचे येतात. माणूस किती जणांना नाही म्हणेल? वहीत होतं तेव्हा कोणाला दिसत नव्हतं एवढंच." सात जणांपैकी पाच जण पंख्याकडे पाहू लागले.

मला बाहेर बसवले. मंदाबाई खिडकीवर होत्या, हात थांबलेला. पाऊण तासाने आप्पांनी बोलावले. निर्णय त्यांनी स्वतः सांगितला. ताईबाईचा उरलेला माल उद्याच्या पहिल्या वॅगनमध्ये. नंबर बदलण्याचा अधिकार नानांकडून काढून घ्यायचा. माझ्याकडूनही; मला धुळे शाखेत पत्रव्यवहाराला पाठवायचे, कारण लोडिंगचे काम माझे नसता त्यात ढवळाढवळ केली हे खरेच.

"मग बदलायचं कोणी?" मी विचारले.

"मंदाबाईंकडे द्या," आप्पा म्हणाले. "कारण लेखी घेऊन बदलतील. साधी बाई आहे. तिला यातलं काही कळत नाही, तेच बरं."

मी मान हलवली. हसू गिळले.

३० एप्रिल, शनिवार

कचेरीतला शेवटचा दिवस. आधी पंचमी: नानांकडून काढून घेतले. मग चतुर्थी: मंदाबाईंना दिले. शेवटी पुन्हा पंचमी, माझ्याकडून. ओठ मिटून टाइप केले. एक अक्षर दोनदा पडले.

मंदाबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज काही ऐकू आलं नाही, भाऊ."

"शिकलो."

"मी काय ठेवू पासवर्ड?"

"मला सांगू नका. कोणाला सांगू नका. आणि नदीप्रमाणे चालणारा ठेवू नका."

त्यांनी खिडकीकडे पाहिले. तिथे चार जण उभे होते. "त्या कोष्टकाचा कागद ठेवला आहे मी," म्हणाल्या आणि जाऊन बसल्या. चिठ्ठी लिहू लागल्या. अक्षर वळणदार आहे, आजवर लक्ष दिले नव्हते.

घरी येऊन हे लिहायला बसलो तेही ओठ मिटून. अर्धे पान झाले असेल, आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"आज लिहायला बसला नाहीत का?"

"बसलो आहे."

सुनंदा हात पुसत दारात आली. वही पाहिली, लेखणी पाहिली, माझे तोंड पाहिले. "मग मला कळायचं कसं, धुळ्याला कधी निघायचं ते?"

म्हणजे सत्तावीस वर्षांची वही. पहिल्या पानापासून. तिच्या भावाबद्दल मी यात काय काय लिहिले आहे ते आठवून घाम आला. ती समोरच्या खुर्चीत बसली, पदराने वारा घेत. मागचे सगळे ठाऊकच होते तिला, एवढा आजचा दिवस राहिला होता.

तेव्हा हे पान पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतो आहे. वाचण्याचा अधिकार: सुनन्दायै. चतुर्थी, एकवचन.